आतल्या बाजूनं

उद्यमबागेत, फौंड्रीच्या मागल्या गल्लीत
चार ड्रमांवर चॅसी ठेवलीय.
बॉडी सोडवून भिंतीशी टेकवलेली, लाल,
दोनच माणसांची, डोक्यावर टप नसलेली.
क्लोतिल्द बाईंच्या वडिलांनी
ती वास्कोला बोटीवरून उतरवून घेतली,
सहा वर्षं समुद्राकाठी फिरवली,
मग अनमोडचा घाट चढवून इकडं कॅम्पात आणली.
म्हणजे आधी मीठ, नंतर आमचा पाऊस.

वर दिसतो तो गंज नव्हे.
खरा गंज पेटीसारख्या पट्टीच्या आत राहतो,
पाणी शिरायला जिथं भोक असतं
आणि निघायचं भोक चिखलानं बुजलेलं.

माझा उजवा कान फौंड्रीनं घेतला.
म्हणून मी सळई दातांत धरतो,
दुसरं टोक लोखंडावर टेकवतो,
आणि ईरण्णा हातोडीनं ठोकत येतो
पुढच्या चाकापासनं मागं, वीत वीत.
टण्.
दाढेत येतं ते.
टण्.
आंबट, जुन्या नाण्यासारखी चव.
टण्.

दाराच्या बरोबर खाली
थप्.

ईरण्णा थांबला. त्याला कानानंच कळलं होतं.
"तुक्क हिडदैती."
गंजानं धरलंय.
त्यांच्या भाषेत पण तो धरतोच.

खरं, वरनं गुळगुळीत. काळा रंगसुद्धा शाबूत.
फडक्यावरनं चुंबक फिरवला: घट्ट चिकटला.
म्हणजे लांबी भरलेली नाही, पत्रा आहे.
पत्र्यावर पत्रा.

चप्पलवाल्याकडनं मागून आणलेली आरी घेतली,
कडेकडेनं टोचत गेलो.
नाही. नाही. इथंही नाही.
शिवणीपाशी मुठीपर्यंत आत.
उपसली तसा भुगा आला मागोमाग,
ओला, नाचणीच्या पिठाच्या रंगाचा,
आणि येतच राहिला.
ईरण्णानं खाली कालचा कन्नड पेपर धरला.

मग वायर ब्रश.
रंग गेला, वेल्डिंगचे खवले उघडे पडले.
सगळ्यांचे खवले एका बाजूला कलतात.
हे उलटे.

डाव्या हातानं रॉड धरणारे
आमच्या या भागात दोघंच.
एक हिंडलग्याचा, तो वारला.

शहाऐंशी साल. बाईंचं लग्न दुसऱ्या दिवशी.
वडील म्हणाले, पोरीला याच गाडीतनं चर्चला न्यायचंय,
तेवढं झालं की झालं.
मी आत खरवडलं नाही.
पत्रा कापला, बसवला,
पहाटेपर्यंत रंग वाळावा म्हणून हॅलोजन लावून ठेवला.
नऊ वाजता गाडी गेली, नाकावर पांढरी फीत.
पैसे घेतले. मी विसरलो.
आत काम चालूच होतं.

चहा आला.
ईरण्णानं ग्लास धरलेला माझा हात बघितला,
मग ती शिवण बघितली,
मग बिडी ओढायला बाहेर गेला.
एरवी तो आतच ओढतो.

मी खडू घेतला.
चांगलं लोखंड जिथं सुरू होतं
तिथं रेघ मारायची, कापायसाठी.
"सावकाश मार," दारातनं तो म्हणाला,
"आपल्याकडं रेघ चुकली की कोर्टात जाते."
हसलो दोघं, जरा जास्तच.

पुन्हा सळई दातांत.
आता वीत नाही, बोट बोट.
थप्. रेघ पुसली, पुढं मारली.
थप्. पुसली.
बोटं पांढरी, भुगा तपकिरी,
पँटीला दोन्ही.
दीड फुटावर टण् आलं.

बाईंना फोन लावला.
दीड फूट कापावं लागेल, हे सोपं होतं.
आधी कुणी केलं होतं हो, असं त्या विचारणार,
त्या विचारतातच.
किती तरी वेळ पलीकडनं काहीच येईना.
मग लक्षात आलं,
फोन उजव्या कानाला लावलाय.

बदलला.